दिवाळं निघालं तरी घरात काय राहतं?

परवा मावशीचा फोन आला. तासगाव तालुक्यात त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. दोन हंगाम अवकाळीत गेले, औषध दुकानाची उधारी थकली, दुकानदाराने दावा लावून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, मिळवला आणि आता दरखास्तीची, म्हणजे त्या आदेशाच्या वसुलीची, नोटीस दारात आली. मावशीने ना रक्कम सांगितली, ना तारीख. तिने विचारलं, "बेलीफ आला तर मिक्सर नेतो का रे? आणि गळ्यातलं?"

साताऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी बारा वर्षं दरखास्तींची कागदपत्रं लावतोय. मी वकील नाही, पण कागद पुष्कळ पाहिलेत. लोक येतात तेव्हा बोलतात रकमेबद्दल, आणि भीती असते ती भांड्यांची, बैलांची, मंगळसूत्राची. गंमत अशी की कायद्याने नेमकी याच वस्तूंची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. जिथे ती नाही, तिथे मात्र माणसं निर्धास्त असतात. "शेतजमिनीला कोर्ट हात लावू शकत नाही" हे पारावर छातीठोकपणे सांगणारा एकतरी जण प्रत्येक गावात असतोच. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. धंदा बसला, माणूस तोंड चुकवायला लागला की आपण "त्याचं दिवाळं निघालं" म्हणून मोकळे होतो. कायद्याच्या लेखी तो नुसता थकबाकीदार. नादार, म्हणजे कायद्याने दिवाळखोर, ठरायला कोर्टाचा आदेश लागतो. मुंबई शहरासाठी त्याचा १९०९ चा वेगळा कायदा आहे. सातारा-सांगलीला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. त्याचं वय त्याच्या आकड्यांवरूनच कळतं. देणं ५०० रुपयांचं असलं आणि ते फेडण्याची ऐपत नसली, तरी अर्ज करता येतो. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक झाली असेल, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम कायम असेल, तरीही करता येतो. अर्ज जायचा जिल्हा न्यायालयात. सांगलीकरांसाठी म्हणजे विजयनगरला.

जप्ती आणि नादारी यात फरक एवढाच की जप्तीत एक घेणेकरी हुकूमनामा घेऊन तुमच्या मागे लागतो, आणि नादारीत सगळ्या घेणेकऱ्यांचा हिशेब एकाच कोर्टासमोर मांडला जातो. बहुतेक वेळा कर्जदार स्वतःच जाऊन सांगतो, की हे माझं देणं, ही माझी मालमत्ता, आता वाटा. आदेश झाला की मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. पण सगळी नाही. कलम २८ म्हणतं की दिवाणी प्रक्रिया संहितेने जे जप्तीतून वगळलंय, ते नादाराच्या मालमत्तेत धरायचंच नाही. म्हणजे दोन्ही वाटा शेवटी एकाच यादीपाशी येतात. ती यादी १९०८ च्या संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. मावशीला दिलेलं उत्तर म्हणूनच दोन्हीकडे चालतं.

तर मिक्सर. कलमात मिक्सर नाही. स्वयंपाकाची आवश्यक भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण आहे, कर्जदाराचं, बायकोचं आणि मुलांचं. 'आवश्यक' हा शब्द तिथे मुद्दाम घातलाय. रोजचा तवा, पातेली, कुकर यांना कुणी हात लावत नाही. फ्रीज, टीव्ही, सोफा यांना लावू शकतात. मिक्सर मधे कुठेतरी लोंबकळतो. पाटा-वरवंट्याच्या काळात लिहिलेला शब्द आजच्या ओट्यावर कसा बसवायचा हे कोर्ट ठरवतं. एवढं खरं की जुना मिक्सर लिलावात काढून कुणाच्या पदरात काही पडत नाही, त्यामुळे तो उचलायची हौस सहसा कुणाला नसते.

गळ्यातलं राहतं. धार्मिक चालीनुसार कुठल्याही स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत. मंगळसूत्र, जोडवी यांत बसतात. पाटल्या, तोडे, ठुशी, चपलाहार बसत नाहीत. लग्नात आजेसासूने घातले असले तरी. मात्र इथे दुसरा मुद्दा येतो आणि तो जास्त कामाचा आहे: ते दागिने आहेत कुणाचे? माहेरहून आलेलं, लग्नात मिळालेलं सोनं हे बाईचं स्त्रीधन. देणं नवऱ्याचं असेल तर बायकोची मालमत्ता त्यात येतच नाही, मग ती जप्तीतून वगळलेली आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. बेलिफाने चुकून पंचनाम्यात घातली, तर तिने स्वतः त्या कोर्टात हरकत घ्यायची की ही वस्तू माझी आहे. सराफाची पावती, लग्नातले फोटो, माहेरच्या माणसाची साक्ष, असं काहीतरी लागतं. आपल्याकडे दागिना जपतात आणि पावती हरवतात.

भीतीपोटी आणखी दोन प्रश्न हमखास येतात. बेलिफाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरता येत नाही. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, रक्कम कितीही असो. पुरुषाला दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे, पण फेडण्याची ऐपत असून मुद्दाम बुडवतोय असं दिसल्याशिवाय नाही. नुसता कंगाल आहे म्हणून आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय.

आता काकांची बाजू. कलम ६० शेतकऱ्याच्या बाबतीत जरा सढळ आहे. अवजारं, कोर्टाच्या मते शेती चालवायला लागतील तेवढी जनावरं, आणि बियाणं, हे राहतं. बैलजोडी बिनघोर. दावणीची एखादी म्हैस, तिच्या शेणखतावर आणि दुधावर घर चालतं असं पटवता आलं तर तीही. गोठ्यातल्या दहा होल्स्टिन गाईंना 'शेतीसाठी आवश्यक जनावरं' म्हणणं अवघड. तो दुधाचा धंदा झाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: शेतकऱ्याचं राहतं घर. घर, त्याखालची जागा, लागून असलेलं अंगण-परडं, सगळं जप्तीतून वगळलेलं आहे. शेतमजूर किंवा इतर मजूर आणि घरकाम करणारा यांनाही हे संरक्षण आहे.

पण शेतकरी कोण? सातबाऱ्यावर नाव आहे तो, असं आपण समजतो. संहिता विचारते, जमीन स्वतः कसतोस का, आणि पोट मुख्यतः त्यावरच आहे का. दोन एकर ऊस वाट्याने देऊन कराडात किराणा दुकान चालवणारा या व्याख्येत बसत नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षक, मग त्याच्या नावावर आठ एकर असली तरी, बसत नाही. उलट स्वतःची गुंठाभर जमीन नसलेला, दुसऱ्याची कसणारा कूळ बसतो. काका बसतात. म्हणजे मावशीचं घर या हुकूमनाम्यात सुरक्षित आहे.

आणि बाग? पारावरच्या त्या तज्ज्ञाचं इथे चुकतं. कलम ६० मध्ये शेतकऱ्याचं घर आहे, बैल आहेत, बी आहे. जमीन नाही. दिवाणी हुकूमनाम्यात शेतजमीन जप्त होते, तिची दवंडी पिटते आणि लिलावही होतो. गैरसमज झालाय तो २००२ च्या सरफेसी कायद्यावरून. त्या कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार दिला, आणि त्यातून शेतजमीन वगळली. म्हणजे एक शॉर्टकट बंद आहे, रस्ता नव्हे.

या रस्त्याला आपल्या भागात जुना इतिहास आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. तेव्हाच्या साताऱ्यात आजचे वाळवा, खानापूर, तासगावही होते. सांगली आणि मिरज ही वेगळी संस्थानं. त्या कायद्यात लिहिलं होतं की शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता त्याने स्वतः त्याच कर्जाला गहाण लावली नसेल, तर ती विकता येणार नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात त्याला अटकही नाही. तो कायदा केव्हाच गेला. मला वाटतं, "जमिनीला हात लावता येत नाही" हे वाक्य त्या काळापासूनच आज्या-पणज्यांच्या तोंडून खाली आलं असावं. कायदा मेला, म्हण उरली.

कारागिरांसाठी कलमात दोनच शब्द आहेत, 'कारागिराची हत्यारे'. मिरजेत सतार बनवणाऱ्याची पटाशी, करवत, रंधा, कानशी राहतात. वाळवून ठेवलेले भोपळे आणि तयार सतारी मात्र माल, तो जातो. विट्याच्या गलाईवाल्याची मूस-चिमटे राहतील, पण आटवायला आलेलं सोनं त्याचं नसतंच. यंत्रमागाबद्दल मला नेहमी विचारतात. स्वतः एका मागावर बसणाऱ्याने वाद घालून बघावा. कामगार लावून चोवीस माग चालवणाऱ्याला 'कारागीर' म्हणवून घेणं जड जाईल.

व्यापाऱ्याची स्थिती सगळ्यात वाईट. गणपती पेठेत गाळा, विश्रामबागेत फ्लॅट, हळदीचा व्यापार. या माणसाचं दिवाळं निघालं तर त्याच्या राहत्या घराला १९०८ ची संहिता काहीही संरक्षण देत नाही. तो ना शेतकरी, ना मजूर. त्याच्या वखारीत हळदीची पोती चढवणाऱ्या हमालाचं घर वाचेल, मालकाचं वाचणार नाही. तोच व्यापारी साताऱ्याच्या एखाद्या पेठेत किंवा सांगलीच्या गावभागात भाडे नियंत्रण कायद्याखालचा जुना भाडेकरू असेल, तर त्या राहत्या घरातला त्याचा भाडेकरू हक्क मात्र जप्त होत नाही. स्वतःचं घर घेतलं म्हणून पेढे वाटले, आणि संरक्षण राहिलं भाड्याच्या घरातच. त्याच्या रोजमेळ-खतावणीचं तर वेगळंच आहे. साध्या जप्तीत हिशेबाच्या वह्या वगळलेल्या आहेत. नादारीत त्या वह्याच आधी हजर कराव्या लागतात.

ही उणीव कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत माणसांसाठी वेगळा भाग आहे आणि त्यातली वगळलेल्या मालमत्तेची यादी आजच्या जगाशी जास्त जुळते. धंद्याला किंवा नोकरीला लागणारी हत्यारं, पुस्तकं, वाहन. घरातलं गरजेचं सामान आणि धान्य. धार्मिक चालीने न उतरवता येणारे दागिने. विमा आणि पेन्शन योजना. आणि एक राहतं घर, मग माणूस शेतकरी असो की व्यापारी. अट एकच, यातल्या कशावरही बोजा नको. २०१९ च्या नियमांनी रकमाही ठरवल्या: दागिने १ लाखापर्यंत, घर शहरात २० लाखांपर्यंत आणि ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेडला जामीन राहिलेल्या संचालकाला नवी यादी, आणि मार्केट यार्डातल्या एकट्या आडत्याला १९२० ची. यात कसला न्याय आहे हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

नोकरदाराचं गणित सोपं आहे. मजुराची आणि घरकाम करणाऱ्यांची मजुरी पूर्ण वगळलेली. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश राहतात. वगळलेले भत्ते सोडून पगार ३१,००० असेल तर जप्त होऊ शकतात १०,०००. तेही सलग किंवा तुटक मिळून २४ महिने. मग वर्षभर सुट्टी, आणि जप्ती त्याच एका हुकूमनाम्याची असेल तर त्या हुकूमनाम्यापुरती कायमची सुट्टी. पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र हजाराची सूट नाही, एक तृतीयांशच राहतो. भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम यांना हात लागत नाही. पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडल्यावरही त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. त्याखाली बायको-मुलांसाठी काढलेली पॉलिसी तर नवऱ्याच्या घेणेकऱ्यांपासून पहिल्या दिवसापासून वेगळीच असते. विमा एजंट या सोयीचा उल्लेख का करत नाहीत, कोण जाणे.

एवढं सगळं वाचून हायसं वाटलं असेल तर थांबा, कारण खरी गोम तारणात आहे. नादारीच्या आदेशाने तारणधारकाचा हक्क कमी होत नाही. घरावर बँकेचं गहाणखत असेल, ट्रॅक्टरच्या आरसी बुकावर फायनान्सची नोंद असेल, सोनं गोल्ड लोनमध्ये असेल, पॉलिसी कर्जासाठी बँकेच्या नावे लिहून दिली असेल, तर त्या-त्या कर्जापुरती वरची यादी विसरायची. सरफेसीतही कलम ६० च्या वस्तू वगळल्या आहेत, पण 'त्याच कर्जाला खास तारण दिलेल्या सोडून'. सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये ठरवलं, आणि तेही शेजारच्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात. पतसंस्था ही बँक नव्हे; ती सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन येते. विकास सोसायटीचा बोजा तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातच बसलेला असतो, आणि तिची वसुली बहुधा कारखान्याच्या ऊस बिलातूनच कापून जाते. नोकरदारांच्या पतसंस्थाही कपातीचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवतात. ती पगाराची जप्ती नसते, त्यामुळे दोन तृतीयांशाचा हिशेब तिथे कुणी करत बसत नाही.

उलट एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. कर्जाच्या अर्जात बारीक अक्षरात "मी कलम ६० चे संरक्षण सोडून देत आहे" असं लिहून घेतलं असेल, तर ते वाक्य रद्दबातल आहे. संहितेतच तसं म्हटलंय. गहाण टाकता येतं. संरक्षण नुसतं लिहून सोडता येत नाही.

मग पाव्हणे सल्ला देतात, "जमीन बायकोच्या नावावर करून टाक." नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं बक्षीसपत्र रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. तीन महिन्यांत एखाद्याच घेणेकऱ्याला झुकतं माप म्हणून फेडलं, तर तेही उलटवता येतं. मेव्हण्याचे हातउसने आधी देऊन टाकणारे इथेच अडकतात. आणि घेणेकऱ्यांना चुकवायला केलेल्या हस्तांतराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आहेच, त्याला दोन वर्षांची मर्यादा नाही. अर्जात सगळी मालमत्ता लिहायची, आणि जे वगळलेलं आहे तेवढं देणार नाही असं उघड म्हणायचं. कायद्याला तसंच अपेक्षित आहे. नादारीतून कोर्टाची मुक्तता मिळेपर्यंत मधल्या काळात वडील वारले आणि वाटणी आली, तर तो वाटाही रिसीव्हरकडे जातो. तोवर ५० रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी करायची तर समोरच्याला "मी नादार आहे" असं सांगावं लागतं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. १९२० चे ५० रुपये अजून ५० च आहेत. आज त्यात दोन चहा-वडापाव होतील.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, लबाडीने केलेलं देणं आणि पोटगी मागे राहते. आणि जामीनदार सुटत नाही. कर्जदार नादार होऊन मोकळा झाला, तरी त्याच्यासाठी सही केलेला माणूस पुऱ्या रकमेला बांधलेलाच. सावकारी खासगी आणि विनापरवाना असेल तर दुसरी वाट आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून बळकावलेली जमीन परत मागता येते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हे सगळं फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून रविवारी तासगावला गेलो. मावशीने ट्रंकेतली कागदांची पिशवी पुढ्यात ओतली. औषध दुकानदाराच्या हुकूमनाम्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. घर, मंगळसूत्र, पाटल्या, सगळं त्याच्या आवाक्याबाहेर. मग खालून एका पतसंस्थेचा फॉर्म निघाला. कर्जदार काका. जामीनदार क्रमांक एकसमोर मावशीची सही.

"हे कधी केलंस?"

"ते म्हणाले, इथे सही कर. केली." मग काकांकडे न बघता म्हणाली, "म्हणजे आता पाटल्या माझ्या असल्या तरी जातील?"

जाऊ शकतात, म्हणालो. देणं आता तिचंही आहे, त्यामुळे सोनं स्त्रीधन असण्याचा इथे उपयोग नाही. मंगळसूत्राला मात्र अजूनही संरक्षण आहे. त्या कर्जाचे किती हप्ते गेलेत हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी मावशीने स्वतःच्या सहीने खातेउताऱ्याचा अर्ज दिला. पोच घेतली आहे, उतारा अजून यायचाय.